ट्रेलरच्या प्रोपेन टाकीची तारीख उलटली? तपासून घ्यायची की नवी आणायची

वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेताना छत गळतंय का, टायर किती जुने आहेत, फ्रिज गार होतोय का, एवढं सगळेच बघतात. पुढच्या दांड्यावर प्लास्टिकच्या झाकणाखाली उभ्या असलेल्या दोन पांढऱ्या टाक्यांकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. मग सहलीच्या आदल्या दिवशी टाकी भरायला न्यावी, तर तिथला माणूस वरच्या कॉलरवरून बोट फिरवतो, एका जागी थांबतो आणि टाकी न भरताच परत देतो. तारीख उलटून गेलेली असते.

अमेरिकेत नव्याने आरव्हीच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या ट्रेलर-गाड्यांच्या, नादाला लागलेल्या मराठी माणसाला हे नवीन वाटतं, त्याला कारण आहे. भारतात घरगुती सिलिंडरची मालकी गॅस कंपनीची. त्या सिलिंडरलाही तपासणीची तारीख असते. मुठीखालच्या पट्टीच्या आतल्या बाजूला ए, बी, सी किंवा डी आणि पुढे वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. पण ती तारीख सांभाळणं कंपनीचं काम. आपण रिकामा द्यायचा आणि भरलेला घ्यायचा. इथे ट्रेलरवरची टाकी तुमची स्वतःची. ती तपासून घेणं, बदलणं, मोडीत काढणं, सगळं तुमच्या गळ्यात. आकारमानाचा अंदाज हवा असेल तर ट्रेलरवरच्या ३० पौंडी टाकीत साधारण १३.६ किलो गॅस मावतो, म्हणजे आपल्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या जवळपास.

एक गैरसमज आधीच दूर करतो. तारीख गॅसची नसते, टाकीच्या धातूची असते. प्रोपेन शिळा होत नाही. तारीख उलटली तरी आत उरलेला गॅस वापरायला कायद्याची आडकाठी नाही. टाकी मुदतीत असताना भरली असेल तर ती रिकामी होईपर्यंत खुशाल वापरा. मनाई आहे ती पुन्हा भरायला. म्हणून तारीख संपलेली अर्धी भरलेली टाकी घाईने ओतून टाकायची गरज नाही, आणि घराच्या अंगणात व्हॉल्व्ह उघडून गॅस सोडून देणं तर मुळीच नको. हीटर चालवा, शेगडीवर चार दिवस जेवण करा, गॅस संपवा.

आधी टाकी कोणत्या जातीची ते ओळखा

आरव्हीत दोन प्रकारच्या टाक्या असतात आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

गाडीने ओढून न्यायचा ट्रेलर किंवा फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकच्या हौद्यात अडकवून ओढायचा मोठा ट्रेलर) असेल तर त्यावर काढता-घालता येणारे सिलिंडर असतात. हे अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या, म्हणजे डीओटीच्या नियमांखाली येतात. तारखेची सगळी कटकट यांचीच. २०, ३० आणि ४० पौंडी अशी मापं नेहमीची.

इंजिन असलेलं मोटरहोम असेल तर बहुतेक वेळा पोटाखाली आडवी टाकी कायमची बोल्टने बसवलेली असते. ती एएसएमई प्रकारची, म्हणजे अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकाप्रमाणे बनवलेली. तिच्यावर धातूची माहितीपट्टी असते आणि तिला ठरावीक वर्षांनी पुन्हा प्रमाणित करून घ्यावं लागत नाही. ती काढून कुठे न्यायची नसते, अख्खी गाडीच पंपाशी न्यावी लागते. एखादा नवखा कर्मचारी एएसएमई टाकीवरही तारीख शोधत बसतो आणि सापडली नाही की भरायला नकार देतो. तेव्हा त्याला ती पट्टी दाखवायची. एवढ्याने काम होतं. मात्र तारीख नाही म्हणून टाकीकडे बघायचंच नाही असं करू नका. बसवायच्या पट्ट्यांखाली आणि रस्त्याच्या बाजूला रस्त्यावरचं मीठ साचून गंज धरतो. वर्षातून एकदा टॉर्च घेऊन खाली वाकून बघा.

तिसरा प्रकार थोडा फसवा आहे. काही ट्रक कॅम्परमध्ये आणि छोट्या व्हॅनमध्ये आडवी पण सुटी डीओटी टाकी असते. आडवी दिसली म्हणून ती एएसएमई असेल असं समजू नका. डीओटीचा शिक्का असेल तर तारीख लागू. मोटरहोमवाल्यांचं काम इथे संपलं, पुढचं सगळं डीओटी टाक्यांबद्दल.

कॉलर वाचायला शिका

व्हॉल्व्हभोवती जी धातूची पट्टी असते, जिला धरून आपण टाकी उचलतो, ती कॉलर. तिच्यावर ठोकून उमटवलेली अक्षरं असतात. रंगाचे थर बसले असतील तर ओल्या फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरकी धरा, सावलीमुळे अक्षरं उठून दिसतात. फोनने फोटो काढून मोठा केला तर आणखी सोपं.

तिथे काय काय सापडेल ते सांगतो. ‘डीओटी ४बीए२४०’ किंवा ‘४बीडब्ल्यू२४०’ असं असेल तर टाकी पोलादी. ‘४ई२४०’ असेल तर अ‍ॅल्युमिनियमची. शेवटचे २४० म्हणजे २४० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) हा तिचा ठरलेला दाब. ‘टीडब्ल्यू’च्या पुढचा आकडा म्हणजे रिकाम्या टाकीचं वजन पौंडात. ‘डब्ल्यूसी’ म्हणजे आत किती पौंड पाणी मावेल. २० पौंडी टाकीवर हा आकडा ४७.६ च्या आसपास असतो. प्रोपेन पाण्याहून बराच हलका आणि वर २० टक्के जागा फुगण्यासाठी मोकळी ठेवायची, त्यामुळे ४७ पौंड पाण्याच्या टाकीत २० पौंडच गॅस भरतात.

आता तारीख. महिना आणि वर्ष अशा दोन आकड्यांत असते, उदाहरणार्थ ‘०४-१३’. ही टाकी बनल्याची तारीख, संपण्याची नव्हे. इथेच पुष्कळ जण चुकतात. एप्रिल २०१३ मध्ये बनलेल्या टाकीला पहिली १२ वर्षं मिळतात, म्हणजे एप्रिल २०२५ पर्यंत. मध्यंतरी २०१६ साली ही मुदत १० वर्षांवर आणली होती, पुढे ती पुन्हा १२ केली. त्यामुळे काही ठिकाणी भिंतीवर जुना तक्ता लटकलेला असतो आणि ११ वर्षांच्या टाकीलाही ‘संपली’ म्हणून परत पाठवतात. अशा वेळी वाद न घालता दुसऱ्या दुकानात जावं. १२ उलटली असतील तर मात्र दुकानं बदलत फिरण्यात अर्थ नाही. भरायला नकार देणारा माणूस त्याचं काम बरोबर करतोय. आणि जो तारीख न बघता भरून देतो, तो बाकी गोष्टी तरी कितपत बघत असेल?

मूळ तारखेखेरीज आणखी एखादी तारीख कॉलरवर ठोकलेली किंवा स्टिकरवर छापलेली असू शकते. म्हणजे आधीच्या मालकाने टाकी एकदा तपासून घेतली आहे. त्या शिक्क्यात महिना आणि वर्ष असतं, तपासणाऱ्याचा नोंदणी क्रमांक असतो आणि शेवटी एखादं अक्षर असतं. ‘ई’ असेल तर बाहेरून डोळ्यांनी केलेली तपासणी. तिची मुदत ५ वर्षं. जून २०२५ ची ई असेल तर जून २०३० पर्यंत निश्चिंत. ‘एस’ असेल तर दाबाची साधी चाचणी, तिची मुदत ई पेक्षा जास्त. अक्षरच नसेल तर टाकी पाण्यात बुडवून, दुप्पट दाब देऊन, ती किती फुगते ते मोजलेलं असतं. त्या चाचणीनंतर पुन्हा १२ वर्षं मिळतात. आरव्हीच्या छोट्या टाक्यांना व्यवहारात ई च भेटते. पाण्याची चाचणी या मापाला महाग पडते आणि ती करणारी जागाही सहज सापडत नाही.

फायबरच्या, आरपार गॅस दिसणाऱ्या टाक्यांचे नियम वेगळे आहेत. त्यांच्या लेबलवर जे लिहिलंय तेच खरं, वरचा हिशोब त्यांना लावू नका.

दुकानात नेण्याआधी स्वतः बघा

तपासणारा जे बघणार आहे ते तुम्हीही घरी बघू शकता. दहा मिनिटं लागतात आणि फुकटची खेप वाचते.

सर्वात आधी तळ. टाकी ज्या कड्यावर उभी राहते त्या कड्याच्या आणि टाकीच्या सांध्यात पाणी अडकून बसतं. बर्फाच्या राज्यांत त्यात रस्त्यावरचं मीठ मिसळतं. वरून टाकी पांढरीशुभ्र दिसते आणि खाली पापुद्रे सुटलेले असतात. गॅस संपलेला असताना, व्हॉल्व्ह घट्ट बंद करून टाकी आडवी करा आणि तारेच्या ब्रशने तो सांधा घासा. नुसती तांबूस पूड निघून खाली गुळगुळीत धातू लागला तर ठीक. नखाला खड्डे जाणवले, पापुद्रा सुटून आला, कडं एका जागी खाऊन गेलं असेल, तर टाकीवर पैसे घालू नका.

मग अंगावरचे पोचे. उथळ पोचा चालतो. जोडाच्या रेषेवर पोचा असेल, धारदार ओरखडा असेल, कुठे फुगवटा असेल तर टाकी बाद. आगीची झळ लागल्याची खूण, म्हणजे रंग भाजून फुगलेला किंवा करपलेला दिसला, तरी बाद. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत हे विशेष जपायचं, कारण उष्णतेने तिची ताकद जाते आणि बाहेरून कळत नाही.

व्हॉल्व्हची मूठ बघा. तीन कोपऱ्यांची असेल तर आत जास्त भरणं रोखणारी यंत्रणा, म्हणजे ओपीडी, आहे. एप्रिल २००२ पासून ४ ते ४० पौंडी उभ्या टाक्या ओपीडीशिवाय भरत नाहीत. गोल किंवा ताऱ्याच्या आकाराची जुनी मूठ असेल तर तारीख काहीही असो, व्हॉल्व्ह बदलावा लागेल. त्या वयाच्या टाकीवर तो खर्च करण्यापेक्षा नवी टाकी बरी. सप्टेंबर १९९८ किंवा त्याआधीच्या आडव्या टाक्यांना यात सूट आहे.

एक खूण सहसा कुणी सांगत नाही. पितळी व्हॉल्व्हवर निळसर-हिरवट डाग दिसले तर टाकीत कधीतरी अमोनिया भरला गेलेला असण्याची शक्यता असते. अमोनिया पितळेला आतून तडे पाडतो. अशा टाकीचा व्हॉल्व्ह स्वतः खोलायचा प्रयत्न करू नका. प्रोपेनच्या व्यापाऱ्याला फोन करा आणि काय दिसतंय ते सांगा.

आणि तपासणीआधी टाकी रंगवू नका. ताजा रंग दिसला की तपासणाऱ्याला पहिली शंका हीच येते की खाली काय लपवलंय. आधी पास होऊ द्या, मग पांढरा रंग मारा. कॉलरवरचे शिक्के, लेबल आणि व्हॉल्व्ह झाकून घ्या. गडद रंग नको, उन्हात टाकी तापते.

तपासून घ्यायची की बदलायची

२० पौंडी असेल तर फार विचार करू नका. किराणा दुकानांबाहेर, पेट्रोल पंपांवर पिंजऱ्यात ग्रिलच्या टाक्या ठेवलेल्या असतात, ब्लू ऱ्हायनो किंवा अमेरिगॅसच्या. तुमची जुनी द्यायची, भरलेली घ्यायची. फारच ठेचलेली नसेल तर सहसा तारीख न बघता घेतात. म्हणजे तारीख संपलेल्या टाकीच्या बदल्यात मुदतीतली टाकी मिळते, आणि जुनीची विल्हेवाटही लागते. घेताना पिंजऱ्यातल्या टाकीची कॉलर मात्र वाचा आणि त्यातल्या त्यात ताजी तारीख निवडा. या अदलाबदलीत एक मेख आहे. २० पौंडी टाकीत तिथे साधारण १५ पौंडच गॅस भरलेला असतो, त्यामुळे गॅसचा दर महाग पडतो. पण हा सौदा एकदाच करायचा. ती टाकी संपली की पुढच्या वेळी मापाने भरून देणाऱ्या ठिकाणी न्यायची.

३० पौंडीची अशी अदलाबदल सहसा होत नाही. इथे खरा निर्णय घ्यावा लागतो. ई तपासणीला दुकानागणिक वेगळे पैसे घेतात, पण ते नव्या टाकीच्या किमतीपुढे थोडेच असतात. काही व्यापारी टाकी भरून घेतली तर तपासणीचे वेगळे घेतही नाहीत. तळ चांगला असेल आणि टाकीची पहिलीच मुदत संपत असेल तर तपासून घ्या, ५ वर्षं मिळतात. टाकी आधीच दोनदा तपासलेली, वीस-बावीस वर्षांची, खाली गंजाची सुरुवात, अशी असेल तर मी नवी घेईन. पाच वर्षांनी हेच पुन्हा करायचंय आणि तोवर व्हॉल्व्हही दमलेला असेल.

आडव्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या नव्या घ्यायला महाग. शिवाय आडवी टाकी नेमक्या त्याच मापाची, त्याच कप्प्यात बसणारी मिळेलच असं नाही. त्यांच्या बाबतीत आधी तपासणीचाच प्रयत्न करा.

टाकी काढणं

चूल, फ्रिज, गीझर, हीटर, सगळं बंद. दोन्ही टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद. मध्ये उभ्या आट्यांच्या दांड्यावर जो पंखाचा नट असतो तो सोडवला की वरची पकड निघते. टाकीला जोडलेल्या रबरी नळीच्या टोकाला हिरवी किंवा काळी मोठी प्लास्टिकची चकती असेल तर ती हाताने घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवा, पाना लावू नका. जुन्या ट्रेलरवर चकतीऐवजी व्हॉल्व्हच्या आत जाणारं पितळी टोक असतं. त्याचे आटे उलटे असतात. ते सोडवायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं. हे माहीत नसल्याने जोर लावून आटे खराब केलेले व्हॉल्व्ह पुष्कळ बघायला मिळतात.

व्हॉल्व्ह रिकाम्या टाकीचाही बंदच ठेवा. उघडा राहिला तर हवा आणि दमट वाफ आत शिरते, आतून गंज धरतो. गॅस मुळात बिनवासाचा. त्यात वासासाठी मिसळलेलं मरकॅप्टन आतला गंज आणि हवा मिळून निकामी करतात. मग गळती झाली तरी वास येत नाही.

गाडीतून नेताना टाकी उभी, दोरीने किंवा सीटबेल्टने बांधलेली, खिडक्या थोड्या उघड्या. वाटेत दुकानात थांबून टाकी उन्हात बंद गाडीत ठेवू नका.

तपासणी कुठे आणि कशी

हार्डवेअरच्या दुकानातला किंवा पेट्रोल पंपावरचा माणूस टाकी भरून देतो, पण तपासून शिक्का मारण्याची परवानगी त्याच्याकडे सहसा नसते. त्यासाठी प्रोपेनचा ठोक व्यापारी गाठावा लागतो. गावाबाहेर मोठ्या पांढऱ्या आडव्या टाक्या उभ्या दिसतात तो. यू-हॉलच्या काही केंद्रांवरही हे काम होतं. जाण्याआधी फोन करा आणि नेमकं विचारा: ३० पौंडी आरव्ही टाकीची बाहेरून तपासणी करून शिक्का किंवा स्टिकर देता का, थांबलो तर लगेच होईल का, गरज पडली तर व्हॉल्व्ह बदलता का. नुसतं ‘टाकी भरता का’ विचारलं तर हो म्हणतील आणि तुमची खेप वाया जाईल.

मेच्या शेवटी मेमोरियल डे येतो, त्याच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. अख्खा देश तेव्हा ग्रिल काढत असतो. कडाक्याच्या थंडीत हेच व्यापारी घरोघरी गॅस पोचवण्यात गुंतलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबर बरा.

तपासणी दिसायला साधी. माणूस टाकी फिरवून फिरवून बघतो, तळ तपासतो, कॉलर आणि कडं पक्कं आहे का ते हलवून बघतो, व्हॉल्व्ह आणि सुरक्षा झडप बघतो, शिक्के वाचता येतात ना याची खात्री करतो, गळती तपासतो. पास झाली तर स्टिकर किंवा ठसा मिळतो. तिथेच उभं राहून त्यावर महिना, वर्ष, नोंदणी क्रमांक आणि ई, चारही गोष्टी आहेत का ते वाचा. यातलं एक जरी पुसट असेल तरी पुढच्या गावचा माणूस टाकी भरणार नाही. स्टिकरचा फोटो काढून ठेवा, पावतीही जपा.

नापास झाली तर वाद घालू नका. उलट का नापास झाली ते दाखवायला सांगा. दुसऱ्या टाकीवर काय बघायचं ते त्यातून कळतं.

नवी घेतलीत तर

मॅंचेस्टर, वर्दिंग्टन, फ्लेम किंग ही नावं दुकानात दिसतील. कोणतीही घ्या, पण आधी दोन गोष्टी मोजा. एक, टाकीची उंची आणि तुमच्या प्लास्टिकच्या झाकणाची आतली उंची. दुसरं, वरची पकड कॉलरवर नीट बसते का. कॉलरचा आकार कंपनीगणिक थोडा बदलतो. पकड नीट बसली नाही तर टाकी रस्त्यावर डुगडुगते. जुनी टाकी सोबत दुकानात घेऊन जाणं सगळ्यात सोपं. २० च्या जागी ३० पौंडी बसवायची हौस असेल तर दांडा आणि झाकण दोन्ही बदलावे लागतात. दोन टाक्यांचं वाढलेलं वजन ट्रेलरच्या पुढच्या टोकावर येतं, तेही गाडीला पेलणार का ते आधी बघा.

नव्या टाकीचीही कॉलर वाचा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेली टाकी घेतली तर १२ पैकी दोन वर्षं आधीच गेली.

नव्या टाकीत हवा असते. ती भरण्याआधी काढून टाकावी लागते. प्रोपेनची वाफ थोड्या दाबाने आत सोडायची, बाहेर सोडायची, असं काही वेळा करतात. हे काम भरणाऱ्याचं, घरी करायचं नाही. व्हॉल्व्हवर ‘हवा काढलेली आहे’ अशी चिठ्ठी असेल तर थेट भरता येतं. नसेल तर भरायला देतानाच टाकी नवी आहे असं सांगा. हवा तशीच राहिली तर फ्रिज पेटत नाही, हीटर मध्येच विझतो आणि लोक उगाच उपकरणं दुरुस्तीला टाकतात.

भरताना बाजूला थोडं दूर उभं राहून बघा. व्हॉल्व्हच्या कडेला एक छोटा स्क्रू असतो, तो भरणारा सैल करतो. त्यातून पांढरा फवारा आला की टाकी ८० टक्के झाली, तिथे थांबायचं. स्क्रूला हात न लावता नुसतं ओपीडीच्या भरवशावर भरणारे असतात. मी अशा ठिकाणी पुन्हा जात नाही.

बसवणं आणि गळती तपासणं

भरलेली ३० पौंडी टाकी साधारण ५५ पौंड, म्हणजे २५ किलो. कंबर सांभाळून उचला. जागेवर ठेवून वरची पकड आवळा. टाकी हाताने हलवली तर ट्रेलर हलला पाहिजे, एकटी टाकी हलता कामा नये.

नळी जोडण्याआधी तिच्यावर नजर टाका. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर नळी बदला, ती स्वस्त आहे. रेग्युलेटरही टाकीच्याच वयाचा असतो हे विसरू नका. बारा-पंधरा वर्षांचा मूळ रेग्युलेटर असेल तर टाक्यांबरोबर तोही बदलून घ्यायला मी सांगेन. रेग्युलेटर गॅसचा दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे अर्ध्या पीएसआयहून कमी करतो, आणि तो ठीक चाललाय का ते मोजायचं यंत्र आरव्ही दुरुस्तीवाल्याकडे असतं.

प्लास्टिकची चकती हाताने घट्ट करा. आता व्हॉल्व्ह उघडायचा, पण हळू. झटकन उघडला तर चकतीतली सुरक्षा यंत्रणा नळी तुटली असं समजून प्रवाह जवळजवळ बंद करते. मग चुलीची ज्योत मिणमिणते. तसं झालं तर व्हॉल्व्ह बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा हळूहळू उघडा.

भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून ब्रशने प्रत्येक जोडावर लावा: टाकीचा व्हॉल्व्ह, चकती, नळीचं दुसरं टोक, रेग्युलेटरचा सांधा. अमोनिया असलेला साबण वापरू नका, पितळ खराब होतं. फेस स्थिर राहिला तर ठीक. एकाच जागी बारीक बुडबुडे येत राहिले, मोठे होत गेले, तर तिथे गळती आहे. व्हॉल्व्ह बंद करून जोड पुन्हा बसवा, आणि तरीही थांबलं नाही तर टाकी काढून ठेवा. काडीपेटी घेऊन गळती शोधणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या जवळ उभं राहू नका.

मग आत जाऊन आधी शेगडी पेटवा. नळीतली हवा तिथून लवकर निघते. त्यानंतर गीझर, शेवटी फ्रिज. फ्रिज दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर पेटला तर काळजी करू नका.

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून गळला तर खाली जमिनीलगत साचतो. ट्रेलरमध्ये गॅसचा अलार्म जमिनीच्या जवळ लावलेला असतो तो याच कारणाने. तो काढून मागची तारीख वाचा. बहुतेक अलार्मांचं आयुष्य ५ ते ७ वर्षांचं असतं. बारा वर्षांच्या टाक्यांसोबत मूळचाच अलार्म लटकत असेल तर तो कधीचाच निकामी झालाय. अलार्म वाजला किंवा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता सगळे बाहेर, जमलं तर टाकीचे व्हॉल्व्ह बंद, आणि लांब जाऊन ९११.

कॅनडाला जाणार असाल तर

बॅन्फ-जॅस्परला ट्रेलर घेऊन जाणारी मराठी कुटुंबं आता कमी नाहीत. कॅनडात टाकीची मुदत १० वर्षं धरतात. अमेरिकेत चालणारी ११ वर्षांची टाकी तिथे भरायला नकार मिळू शकतो. जाण्याआधी दोन्ही टाक्या इकडेच भरून घ्या, आणि किमान एक टाकी १० वर्षांच्या आतली ठेवा. डोंगरातल्या रात्री गॅस जातो तो चहा-खिचडीवर जात नाही, हीटरवर जातो. तासाला ३० हजार बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) जाळणारा हीटर सलग पेटता राहिला तर एक गॅलन प्रोपेन तीन तासांत संपतो आणि ३० पौंडी टाकीत सुमारे सात गॅलनच असतात.

जुन्या टाकीचं काय करायचं

कचऱ्याच्या डब्यात नको, घरच्या रिसायकलिंगमध्येही नको. दाबाची बंद टाकी कचऱ्याच्या गाडीत चेपली गेली तर स्फोट होतो. २० पौंडी पिंजऱ्यात देऊन टाका. ३० पौंडी ज्याने नापास केली त्याच व्यापाऱ्याला विचारा, बरेच जण ठेवून घेतात. नाहीतर काउंटीच्या घातक घरगुती कचऱ्याच्या केंद्रात, पण आधी त्यांच्या संकेतस्थळावर प्रोपेन टाक्या घेतात का आणि कोणत्या मापाच्या घेतात ते बघा. भंगारवाले व्हॉल्व्ह काढलेलीच टाकी घेतात, आणि व्हॉल्व्ह काढणं हे व्यापाऱ्याचं काम, तुमचं नव्हे. टाकी कापून शेकोटीची कुंडी बनवायचे व्हिडिओ दिसतील. रिकामी वाटणाऱ्या टाकीतही पेट घेण्याइतकी वाफ उरते, तिला ग्राइंडर लावू नका.

मोडीत देण्याआधी कॉलरवरची तारीख मार्करने खोडून ‘बाद’ असं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत टाकीवर लिहा, म्हणजे केंद्राबाहेर ठेवलेली टाकी कुणी उचलून घरी नेणार नाही.